हवेचा धंदा

जिंतूरच्या नाक्यावर माझं पंक्चरचं दुकान.
हवा विकतो. सायकलला पाच, ट्रॉलीला वीस रुपये.
पण माझी स्वतःची हवा पुण्याहून येते,
कांदा उतरवून परतणाऱ्या पिकअपमध्ये,
गोणपाटात गुंडाळलेली.
दुकानातल्या कॉम्प्रेसरला ऑइलचा वास आहे.
टायरचं चालतं, त्याला छाती नसते.

माघातली पहाट, येलदरीचं धरण.
पाण्यावरून वाफ निघते आणि फसवते.
पाय घातला की कळतं,
खाली कुणी चूल पेटवलेली नाही.

मतीन परभणीत डायलिसिसच्या मशीनवर असतो.
रात्रपाळी उरकून तसाच येतो.
माझा काटा तो वाचतो, त्याचा मी.
एकशे नव्वद. दोनशे पाच.
सूट मालवणच्या एका पोराचा, जुना.
गुडघ्यावर ट्यूबचं ठिगळ, ते मात्र माझ्या हातचं.

काठावर जाळं झटकत डुकरे मामा विचारतात,
"काय हुडकायलाव रं?"
काही नाही, मामा.
"मंग कामून?"

ते 'कामून' कमरेच्या शिशासोबत
मी खाली घेऊन जातो.

आधी मानेतून एक बारीक धार पाठीत उतरते.
डोक्यात कळ, आइसकांडी चावल्यासारखी.
मग अंग त्या घोटभर पाण्याला तापवून
आपलं करून घेतं.
हिरवं संपतं, चहाचा रंग लागतो.
पसरलेल्या हाताची बोटं दिसत नाहीत.
अचानक बाभूळ. उभी.
पाला नाही, साल नाही,
काटे तेवढे शाबूत.
इतकी वर्षं भिजून काटा मऊ पडला नाही.
त्याच्या टोकाशी एक पिल्लू मरळ,
माझ्याकडे बघत, तोंड उघडमीट.

आठ मीटरवर दुसरी थंडी.
वरची थंडी तिच्यापुढे पाहुण्यासारखी वाटते.
हात घालून परत काढता येतो, इतकी सरळ रेघ.
मी घालतो, काढतो.
मतीन कवड्याएवढे डोळे करतो. हसतोय.

आमच्याकडे पाणी म्हणजे पाळी.
टँकरची, नळाची, घागरीमागे घागर.
भरायचं नाही, उपसायचं नाही,
पाण्यात नुसतं असायचं,
हे सांगताना जीभ जड होते.
पहिलं वर्षभर मी बायकोला सांगत होतो,
नेमगिरीला जातो.
तिनं एकदा कानातला गाळ बघितला.
काही बोलली नाही. टॉवेल दिला.

दुकानात अंगठा वर केला तर झालं, बास.
खाली अंगठा म्हणजे, वर चल.
मागच्या श्रावणात ठाण्यातून फोन आला.
आम्ही शिकलेलो नव्हतो त्यासाठी.
गेलो.
बाभळीखाली मतीननं अंगठा वर केला
आणि तसाच धरून ठेवला बराच वेळ.
पुढचं नाही सांगत.
पाच महिने सूट खिळ्याला टांगलेला होता,
उंदरानं कॉलर कुरतडली.

आज परत पाच मीटरवर थांबलोय.
तीन मिनिटं. नियम आहे.
दोरीला धरून, झेंड्यासारखे आडवे.
बुडबुडे वर जाताना मोठे होतात.
त्यांना घाई, आम्हाला नाही.
खालचं अंधारं, वर उजाडलेलं,
आणि मधे दोन माणसं, काही न हुडकता.

काठावर मामांनी काटक्या पेटवल्यात.
"गवसलं काही?"
मतीनचे ओठ जांभळे. तो मान हलवतो.
मामा सरकून जागा देतात.
आज त्यांनी 'कामून' विचारलं नाही.

दुपारी उसाची ट्रॉली आली.
नोझल लावलं. सुस्स.
बोटं अजून बधिर होती.
गिऱ्हाईक म्हणालं, बास की.
मी काट्याकडे बघत
आणखी थोडी भरली.